वजनाचं दुसरं ऑपरेशन: ठाणे–नवी मुंबईत मिळणाऱ्या सल्ल्याचं परखड परीक्षण

वजनासाठी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची नळी करणं) होऊन पाच-सात वर्षं झालेली असतात. उतरलेलं वजन पुन्हा चढू लागतं, किंवा वजन जागेवर असतं पण रात्री आंबट पाणी घशाशी येऊन झोप मोडते. मग प्रश्न पडतो की पुन्हा ऑपरेशन करायचं का, आणि कोणाच्या हातून. या दुसऱ्या ऑपरेशनला रिव्हिजन म्हणतात. रिव्हिजनचा सल्ला देणारा सर्जन कसा आहे, हे ओपीडीच्या पहिल्या दहा मिनिटांत बरंचसं कळतं. आधी जुने कागद मागणाऱ्यासमोर बसून राहा. आधी नव्या ऑपरेशनचं नाव सांगणाऱ्याची फी द्या आणि उठा.

आपल्या भागात हा सल्ला तीन दारांतून मिळतो.

पहिलं दार मोठ्या रुग्णालयाचं. ठाण्यात ज्युपिटर, बेथनी. खाडीपलीकडे वाशीला फोर्टिस हिरानंदानी, बेलापूरला अपोलो अशी बहुविध सेवा देणारी रुग्णालयं आहेत. त्यांना इथे नावानिशी गुण दिलेले नाहीत, त्याला कारण आहे. सर्जन बऱ्याचदा दोन-तीन रुग्णालयांशी एकाच वेळी जोडलेले असतात आणि अधूनमधून बदलतातही. पाटी तीच राहते, टेबलावरचे हात बदलतात. म्हणून गुण द्यायचे ते सर्जन आणि रुग्णालय या जोडीला. मोठ्या ठिकाणाची जमेची बाजू रात्रीची: आयसीयू, सीटी स्कॅन, रक्तपेढी, दुर्बीण घालणारा गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट, सुईने पू काढणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, सगळे एका छताखाली. उणी बाजू वेळेची. रिव्हिजनची नीट हिस्टरी घ्यायला पाऊण तास लागतो आणि गर्दीच्या ओपीडीत तो मिळेलच असं नाही. दुपारची शेवटची वेळ मागून घ्या.

दुसरं दार छोट्या सेंटरचं किंवा नर्सिंग होमचं. इथे डॉक्टर फोन स्वतः उचलतात, आहारतज्ज्ञ नावाने ओळखते, खर्चही आवाक्यात असतो. पहिल्या स्लीव्हसाठी एखादं चांगलं छोटं सेंटर पुरतंही. पण रिव्हिजनमध्ये टाके लागतात ते व्रण पडलेल्या, रक्तपुरवठा कमी झालेल्या ऊतींवर. शिवणीतून गळती आणि रक्तस्रावाची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा जास्त असते. रात्री दोन वाजता इमारतीत फक्त आरएमओ (निवासी डॉक्टर) असेल, तर तिथे रिव्हिजन करू नये, मग सर्जन कितीही निष्णात असो. पाठपुराव्याला मात्र हे दार उत्तम.

तिसरं दार म्हणजे मुंबईतले जुने-जाणते सर्जन, जे आठवड्यातून एकदा ठाण्याला किंवा वाशीला बसतात आणि ऑपरेशन मुंबईच्या रुग्णालयात करतात. अवघड केसचा अनुभव बहुतेकदा यांच्याकडेच जास्त असतो. प्रश्न अंतराचा. स्लीव्हची गळती घरी गेल्यावर, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातही उघडकीला येऊ शकते. कासारवडवलीहून रात्री निघणं एक, सकाळी घोडबंदर रोडवर अडकणं वेगळं. पनवेल-उलव्याच्या लोकांना जानेवारी २०२४ पासून अटल सेतूमुळे दक्षिण मुंबई जवळ आली आहे. ठाणेकरांचं तसं काही नाही. या दारातून जायचं असेल तर एकच अट घाला: तातडीच्या वेळी ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणत्या रुग्णालयात, कोणत्या डॉक्टरकडे जायचं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून हवं. तोंडी 'मला फोन करा' पुरत नाही.

ही अट पाळली तर तिसरं दार पहिलं, नाहीतर मोठं रुग्णालय.

जुना कागद

ओपीडीला जाण्याआधीचं सगळ्यात मोठं काम म्हणजे पहिल्या ऑपरेशनची ओटी नोट (ऑपरेशन कसं केलं याची सर्जनची नोंद) मिळवणं. डिस्चार्ज कार्ड वेगळं, ओटी नोट वेगळी. कार्डावर 'लॅप. स्लीव्ह केली, रुग्ण स्थिर' एवढंच असतं. नोटमध्ये कॅलिब्रेशन ट्यूब (जिच्या मापाने स्लीव्ह कापतात ती नळी) किती फ्रेंचची होती (साधारण ३६ ते ४०, ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे ३६ची नळी १२ मिमी जाड), स्टेपलिंग पायलोरसपासून (जठराच्या खालच्या तोंडापासून) किती सेंटिमीटरवर सुरू केलं, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) दिसला का आणि शिवला का, हे असतं. बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं) असेल तर त्या पिशवीचा, म्हणजे पाऊचचा आकार आणि आतड्याच्या फांद्यांची लांबी. मिनी बायपासमध्ये (एकच जोड असलेल्या बायपासमध्ये) पित्ताची फांदी, म्हणजे जोडाआधीचं आतडं, १५० सेंटिमीटर होती की २५०, यावर पुढचा सगळा निर्णय फिरतो.

वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. अडचण त्या ३ वर्षांतच आहे. २०१७ साली झालेल्या ऑपरेशनची नोंद कायद्याने जपलेली असेलच असं नाही. तरी लेखी अर्ज करा, मेडिकल रेकॉर्ड विभागाचा शिक्का घेऊन पोच ठेवा. रुग्णालयाकडे नसेल तर मेडिक्लेमच्या जुन्या फाइलमध्ये प्रत सापडू शकते. पहिल्या सर्जनकडे मागायला संकोच वाटतो, पण रागावण्यासारखं त्यात काही नाही; दुसरं मत घेणं हा रुग्णाच्या हक्कांच्या सनदेतलाच हक्क आहे.

सोबत वजनाचा तक्ता न्या: ऑपरेशनच्या दिवशीचं, सगळ्यात कमी झालेलं आणि आजचं, तिन्ही तारखांसकट. समजा ११८ किलो होते, दीड वर्षाने ७६ झाले, आज ९२ आहेत. कमावलेल्या ४२ पैकी १६ परत आले, म्हणजे ३८ टक्के. पण मूळ वजनाच्या २२ टक्के अजूनही उतरलेलेच आहेत. याला ऑपरेशन 'फेल' गेलं म्हणणारा सर्जन एकतर हिशेबात कच्चा आहे किंवा धंद्यात पक्का. तळ गाठल्यावर थोडं वजन परत येणं शरीराचा स्वभाव आहे.

वजन का चढलं

चांगला सल्ला इथे सुरू होतो. कारणं दोन पोत्यांत: शरीररचनेतला दोष आणि बाकी सगळं. रिव्हिजन फक्त पहिल्या पोत्यावर नीट चालते.

दुसऱ्या पोत्यातली कारणं साधी आणि चिवट. स्लीव्ह घट्ट अन्न अडवते. चहा, उसाचा रस, आइस्क्रीम, तोंडात विरघळणारं फरसाण सरळ खाली उतरतं. दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या साखरेच्या २४० कॅलरी; दूध आणि सोबतची खारी वेगळी. पोट कापून हा चहा थांबत नाही. मग औषधं: स्टिरॉइड, इन्सुलिन, काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या वजन वाढवतात. थायरॉइड, झोपेतला श्वासरोध, रात्रपाळी, नैराश्य. दारूचं तर नक्की विचारावं, कारण बायपासनंतर ती पटकन चढते आणि काहींना नव्याने सवय लागते. हे प्रश्न न विचारता कोणी बायपासचा आकडा सांगत असेल, तर तो तुमच्या आजाराकडे नाही, वजनकाट्याकडे बघतोय.

रचनेतला दोष शोधायला तपासण्या लागतात, आणि त्यांचा दर्जा सगळीकडे सारखा नसतो. दुर्बिणीचा रिपोर्ट 'पोस्ट स्लीव्ह स्टेटस, गॅस्ट्रायटिस' एवढ्यावर संपत असेल तर पैसे वाया गेले. रिपोर्टमध्ये अन्ननलिकेच्या सुजेची लॉस एंजलिस श्रेणी (ए ते डी) हवी, बॅरेट बदल (अन्ननलिकेच्या अस्तरातला बदल) असेल तर बायोप्सी हवी, हायटस हर्निया किती सेंटिमीटर, स्लीव्हच्या मधल्या वळणावर अरुंदपणा किंवा पीळ आहे का, वरचा घुमट (जठराचा वरचा फुगीर भाग) शिल्लक राहिलाय का, पित्त साचतंय का, हे हवं. बायपासवाल्यांच्या रिपोर्टमध्ये पाऊचची लांबी, पाऊच आणि आतड्याच्या जोडाच्या तोंडाचा व्यास, जोडाजवळचा व्रण आणि जुन्या पोटाशी झालेली फिस्टुला (नको ती आडवाट). व्हिडिओ पेन ड्राइव्हवर मागा. रिव्हिजन मनापासून करणारे सर्जन दुर्बीण स्वतः घालतात किंवा शेजारी उभे राहतात.

बेरियमची तपासणी जुनी म्हणून हल्ली टाळली जाते, हे चुकतं. उभं राहून घोट घेताना स्लीव्ह पिळलेली आहे की फुगलेली, हे त्या हलत्या चित्रात जितकं दिसतं तितकं दुर्बिणीत दिसत नाही. आकारमान मोजायचं असेल तर गॅसची पावडर देऊन केलेला थ्रीडी सीटी. आम्लपित्तासाठी ऑपरेशन होणार असेल आणि दुर्बिणीत सूज सी किंवा डी श्रेणीची नसेल, तर २४ तासांची पीएच-इम्पिडन्स (वर येणारं आम्ल मोजणारी) आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजणारी) तपासणी आधी करून घ्या. ही सोय सगळीकडे नसते; त्यासाठी एक दिवस दादर-परळकडे जावं लागलं तरी जा.

रक्तात हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, बी१२, फोलेट, डी, कॅल्शियमसोबत पॅराथायरॉइड हॉर्मोन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), एचबीए१सी, टीएसएच. उलट्या होत असतील तर बी१ची वाट न बघता थायमिन सुरू करतात. अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असताना तारीख देणारा सर्जन नको. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे पाहून घ्यावेत, कारण बायपासनंतर पित्तनलिकेपर्यंत दुर्बीण नेणं कठीण होतं.

कुठल्या कारणाला कुठलं ऑपरेशन

स्लीव्ह झालीय आणि त्रास आम्लपित्ताचा आहे, तर उत्तर रू-एन-वाय बायपास (दोन जोडांचा, पित्त पाऊचपासून दूर ठेवणारा), सोबत हर्निया असल्यास त्याची शिवण. इथे मिनी बायपास सुचवणाऱ्याला कारण विचाराच. त्यात पित्त पाऊचमध्ये येऊ शकतं, म्हणजे आम्लाच्या जागी पित्ताची जळजळ. मात्र रू-एन-वाय केल्याने जळजळ जाते तसं वजनही भरभर उतरेल, ही अपेक्षा धरू नका. स्लीव्हनंतरच्या बायपासमध्ये वजनाचा फायदा बेताचाच असतो. हे आधी न सांगितल्याने सगळ्यात जास्त निराशा होते.

त्रास फक्त वजनाचा, जळजळ अजिबात नाही, अशा वेळी ओएजीबी म्हणजे मिनी बायपास किंवा सॅडी-एस (स्लीव्हच्या खाली आतड्याचा मोठा भाग वगळून एकच जोड) हे पर्याय येतात. दोन्हींत अन्नाचं शोषण कमी होतं, म्हणून परिणामही मोठा आणि किंमतही. इथे विचारायचा प्रश्न: 'पूर्ण आतडं मोजणार का?' लहान आतड्याची लांबी माणसागणिक कित्येक मीटरने वेगळी असते. वरून २०० सेंटिमीटर मोजून जोड दिला आणि खाली किती उरलं हे पाहिलंच नाही, तर ज्याचं आतडं मुळात आखूड त्याचं पोषण ढासळतं. पचनासाठी खाली किमान ३०० सेंटिमीटर राखणारा सर्जन शहाणा.

आपल्याकडच्या शाकाहारी घरांत हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा. अशा ऑपरेशननंतर रोज ८० ग्रॅमच्या पुढे प्रथिनं लागतात. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास. चतुर्थी, एकादशी, गुरुवार आणि श्रावण धरणाऱ्या माणसाला साबुदाण्याच्या खिचडीवर हे गणित जमणार नाही. उपवास कोणते, हे विचारणारी आहारतज्ज्ञ त्या सेंटरमध्ये असेल तर अर्धी परीक्षा पास.

पुन्हा स्लीव्ह, म्हणजे री-स्लीव्ह, हा मोहक पर्याय आहे: 'थोडं सैल झालंय, टाइट करून देतो.' शिंप्याकडे ब्लाउज नेल्यासारखं. वरचा घुमट खरोखर शिल्लक राहिल्याचं बेरियम किंवा सीटीत दिसत असेल तरच त्याला अर्थ आहे. एरवी गळतीचा धोका घेऊन हाती फारसं लागत नाही.

बायपास आधीच झालेल्यांचा प्रकार वेगळा. जोडाचं तोंड सैल झालं असेल तर दुर्बिणीतूनच टाके घालून ते आवळता येतं. पोटावर छेद नाही, दोन दिवसांत घरी. जोडाजवळ व्रण असेल तर आधी तंबाखू बंद. यात मशेरीही आली. बऱ्याच बायका मशेरीला तंबाखू समजतच नाहीत आणि डॉक्टर फक्त 'सिगारेट ओढता का' विचारतात. गुडघ्यासाठी परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या दुसरं कारण. ही दोन्ही थांबल्याशिवाय जोड नव्याने करून दिला तरी व्रण परत येतो.

जुना बँड (जठराभोवती बसवलेला पट्टा) असेल तर तो सरकलाय की पोटात रुतलाय हे आधी ठरतं. रुतला असेल तर बँड काढणं आणि नवं ऑपरेशन दोन टप्प्यांत, मध्ये साधारण तीन महिने.

आधी इंजेक्शन

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड (माउंजारो) आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) भारतात आलं. रचना शाबूत असून वजन चढलेल्या माणसापुढे आज हा पर्याय न ठेवता थेट ऑपरेशन सांगणारा सल्ला अपुरा आहे. आठवड्याला एक टोचणी, मळमळ आणि बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास. थांबवलं की वजन परत चढतं, म्हणजे महिन्याचा खर्च लांबवर धरून चालावा. घरात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग असेल तर नको. ही औषधं पोट हळू रिकामं करतात, त्यामुळे जळजळीवर उपाय नव्हेत, कधी वाढवतातही. ऑपरेशन ठरलंच तर चालू इंजेक्शनची माहिती भूलतज्ज्ञाला स्वतः द्या. डोस थांबवायचा की आदल्या दिवशी फक्त पातळ घ्यायचं हे तेच ठरवतील. न सांगितल्यास भूल देताना पोटातलं फुप्फुसात जाण्याचा धोका आहे.

सर्जनला काय विचारायचं

'किती केल्या?' हा प्रश्न कमकुवत आहे. आकडा मोठाच येतो. त्याऐवजी: गेल्या वर्षभरात रिव्हिजन किती, त्यात दुसऱ्यांनी आधी केलेल्या केस किती? गळती झाल्या का, आणि झाल्या तेव्हा काय केलं? 'माझ्याकडे कधीच गळती झाली नाही' हे उत्तर आलं तर केस कमी आहेत किंवा खरं कमी. स्टेंट, ड्रेन, दुर्बिणीचे उपाय, आणि कोणत्या तज्ज्ञाला बोलावलं हे जो शांतपणे सांगतो, त्याच्यावर जास्त विश्वास ठेवावा.

पदव्यांचं थोडं. सर्जनची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. बेरिअॅट्रिकची (वजनाच्या शस्त्रक्रियेची) फेलोशिप नावापुढे असेल तर ती किती काळाची, हे विचारा: काही मोजक्या दिवसांच्या अभ्यासक्रमानंतर मिळतात, तर मिनिमल अॅक्सेस सर्जरीतली एफएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची फेलोशिप) दोन वर्षांची असते. ओसी (या सर्जनांची भारतीय संघटना) किंवा इफ्सोचं (जागतिक संघटनेचं) सदस्यत्व चांगलंच, पण सदस्यत्व म्हणजे कौशल्याची हमी नव्हे. रोबोटचंही तसंच. रोबोटमुळे बिल वाढतं हे नक्की; हात कोणाचा आहे हा प्रश्न तरी उरतोच.

रिपोर्ट न पाहता व्हॉट्सअॅपवर पॅकेज पाठवणाऱ्या, 'फ्री कन्सल्टेशन, सोपे हप्ते' म्हणणाऱ्या एजंट कंपन्यांना शून्य गुण. सर्जन कोण हे शेवटपर्यंत न सांगणं हा त्यांचा ठरलेला शिरस्ता.

पॅकेज आणि मेडिक्लेम

पॅकेजमध्ये स्टेपलरच्या कार्ट्रिज किती धरल्यात हे लिहून घ्या. साध्या स्लीव्हला पाच-सहा लागतात. रिव्हिजनमध्ये जाड ऊतींसाठी वेगळ्या आणि कधी जास्त लागतात, आणि बिल फुगतं ते इथेच. आयसीयूचे दिवस, परत टेबलावर न्यावं लागलं तर त्याचा दर, दुर्बीण, हेही. महाराष्ट्रात रुग्णालयाने दरपत्रक दर्शनी लावणं बंधनकारक आहे. विचारायला लाजू नका.

आयआरडीएआय या विमा नियामकाच्या प्रमाणित अटींप्रमाणे लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त लागतो. ३५ किंवा पुढे असेल तर हृदयविकार, तीव्र श्वासरोध किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह यांपैकी काही हवं, आणि कमी त्रासाचे उपाय निष्फळ झालेले हवेत. रिव्हिजनवाले इथेच अडकतात: ९२ किलोचा माणूस बहुधा ३५च्या आत-बाहेर असतो. त्रास जळजळीचा असेल तर प्री-ऑथ (आधी मंजुरी मागणाऱ्या) पत्रात 'वजनासाठी' नव्हे, तर खरं निदान लिहिलेलं हवं: सुजेसह जीईआरडीला (आम्ल वर येण्याच्या आजाराला) के२१.० हा कोड, जोडाच्या व्रणाला के२८, सोबत दुर्बिणीचे फोटो. नकार आला तरी लेखी घ्या. कंपनीच्या तक्रार विभागानंतर विमा लोकपालाकडे जाताना तोच कागद लागतो. खोलीचं भाडं पॉलिसीच्या मर्यादेत ठेवा, नाहीतर बाकीच्या बिलाच्या बऱ्याच भागातही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते.

तारीख ठरल्यावर दोन आठवडे कमी कॅलरीचा पातळ आहार असतो, त्याने यकृत आक्रसतं आणि पोटाचा वरचा भाग दिसतो. लग्नसराईत तारीख घेऊ नका, हा आहार पाळला जात नाही. तंबाखू, मशेरी किमान सहा आठवडे आधी बंद.

घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस नाडी रोज मोजा. विश्रांतीत १२० च्या पुढे, ताप, डाव्या खांद्यात दुखणं, धाप किंवा अकारण घाबरल्यासारखं होणं, यांपैकी काहीही असेल तर अॅसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका; सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात त्याच रात्री जा. आणि डिस्चार्जच्या वेळी या वेळची ओटी नोट, आतड्याच्या मोजमापांसकट, मागून घ्या. फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.